लाल झालेला पाय आणि पहिला दवाखाना : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या आणि गल्लीबोळांतल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना,



मी सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात परिचारिका होते. नोकरीतली बरीच वर्षं ड्रेसिंग रूममध्ये गेली. आता निवृत्त आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहिते. तुमच्याकडे काही मागायचं आहे. मागण्याआधी मनात राग का साचला आहे, तेही सांगायला हवं, नाहीतर मागणं पोकळ वाटेल.

माझा राग एका पेशंटपायी आहे. तो दर पावसाळ्यात वॉर्डात असायचा. नाव, गाव, जात बदलायची, बाकी कहाणी तीच. वय पन्नाशीच्या पुढे. शुगर जुनी, गोळ्या कधी घेतल्या, कधी संपल्या. चिखलात काम, त्यामुळे पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, जांघेत अवधाण येतं, आणि रात्रीतून घोट्याच्या वर पाय तापायला लागतो. सकाळी तो तुमच्याकडे येतो. त्याला दोन इंजेक्शनं मिळतात, सूज उतरायची गोळी मिळते, ‘तीन दिवसांनी दाखवा’ असं सांगितलं जातं. आमच्याकडे टेम्पोतून येतो तेव्हा पायावर जांभळे फोड असतात, बीपी लागत नाही, लघवी थांबलेली असते आणि तो असंबद्ध बोलत असतो. बायको पिशवीतून गोळ्यांची अर्धी-अर्धी पाकिटं काढून दाखवते. इंजेक्शन कसलं दिलं होतं, हे तिला माहीत नसतं.

या पायातून घेतलेला नमुना मायक्रोबायॉलॉजीत गेला की बहुतेकदा उत्तर यायचं स्ट्रेप्टोकोकस. सूक्ष्मदर्शकाखाली माळेतल्या मण्यांसारखे दिसणारे जंतू. बिलरोथ या शल्यचिकित्सकाने १८७४ मध्ये धावऱ्याच्या (इरिसिपेलसच्या) आणि चिघळलेल्या जखमांमध्ये हीच माळ पाहिली होती. पुढे १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी त्यांचे अक्षरांनी गट पाडले. घसा दुखवणारा, सांध्यांचा ताप आणि हृदयाच्या झडपा बिघडवणारा तो ए गट. नवजात बाळांच्या संदर्भात आपण शिकलो तो बी गट, पण तोच बी गट मधुमेह, लिव्हरचा आजार किंवा कॅन्सर असलेल्या मोठ्या माणसांच्या रक्तात, हाडांत आणि पायांतही सापडतो. सी आणि जी गटांचे जंतू वयस्कांमध्ये तसेच वागतात. हे तुम्हाला शिकवायला मी कोण? पण कॉलेजात शिकलेला स्ट्रेप्टोकोकस लहान मुलाच्या घशात राहतो, आणि दवाखान्यात येणाऱ्या सत्तावन्न वर्षांच्या माणसाच्या पायाशी त्याची सांगड घातली जात नाही. माझी पहिली तक्रार ही आहे.

२०२४च्या जूनमध्ये जपानमधल्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत झळकल्या होत्या. स्ट्रेप्टोकोकल टॉक्सिक शॉकचे तिथे २०२३ या सबंध वर्षात ९४१ रुग्ण नोंदले गेले होते, आणि २०२४मध्ये जूनच्या सुरुवातीपर्यंतच ९७७ झाले. ‘मांस खाणारा जिवाणू’ असे मथळे आले. शेजारपाजारचे लोक मला विचारायला लागले, सिस्टर, हा आपल्याकडे येईल का? तो आपल्याकडे कायमचाच आहे. जपानमध्ये तो मोजला जातो, एवढाच फरक.

मधुमेहाचं गणित तर तुमच्या दवाखान्यातच दिसतं. आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. त्यांच्या भरीला किडनीचे आजार, डायलिसिस, दारूने खराब झालेलं लिव्हर, केमोथेरपी, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी वर्षानुवर्षं चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ज्यांचा हात कायमचा सुजलेला राहतो, त्या बायकांना तर भाजी चिरताना लागलेल्या कापानेही हाताला असाच धावरा येतो. आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांतले हत्तीपायाचे रुग्ण. हत्तीपाय झालेल्या माणसाला वर्षातून काही वेळा थंडी-ताप येऊन पाय लाल होतो. तो आणि त्याच्या घरचे त्याला ‘पाय भरला’ म्हणतात आणि अंग टाकून पडून राहतात. त्या झटक्यांमागे बहुतेक वेळा बोटांच्या बेचक्यातून शिरलेला हाच जंतू असतो. प्रत्येक झटक्यानंतर पाय आणखी जाड होतो.

आता मागणं. पहिलं अगदी साधं आहे: पाय बघा. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करायला लावा, साडी वर घ्यायला सांगा, मोजे काढायला लावा, बोटं फाकवून बेचके बघा. दवाखान्यात गर्दी असते, संध्याकाळी पन्नास पेशंट बाकावर बसलेले असतात, मला मान्य आहे. तरीही थंडी वाजून ताप आलेला मधुमेही पाय न दाखवता ‘व्हायरल’ म्हणून घरी गेला, अशी माणसं मी इतकी पाहिली आहेत की हे पहिल्यांदा लिहिल्याशिवाय राहवत नाही. आणि पाय पाहताना लालीची वाट पाहू नका. पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची आहेत. आपल्या सावळ्या, उन्हात रापलेल्या पायावर लाली पुष्कळदा दिसत नाही. तिथे कातडी चकाकते, ताणली जाते, हाताला गरम लागते. हात लावल्याशिवाय ते कळत नाही. दुसऱ्या पायाला हात लावून फरक बघितला की पुरतं.

दुखण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चूक इथेच सगळ्यात जास्त होते. जंतू कातडीखालच्या पातळ पडद्यात घुसून पसरायला लागतो तेव्हा बाहेरून फारसं काही दिसत नाही. पण माणूस कळवळतो. थोडीशी सूज, एखादा साधा लाल पट्टा, आणि तो म्हणतो, डॉक्टर, पाय कापून टाका पण हे थांबवा. दिसणं आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही, ही नेक्रोटायझिंग फॅसायटिसची सगळ्यात लवकर मिळणारी खूण. नेमकी तीच खूण डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनने दोन-चार तास झाकली जाते. ताप उतरतो, पेशंटला बरं वाटतं, तुम्हालाही वाटतं. जंतू तिकडे पसरतच असतो. नंतर नसा मेल्या की दुखणं आपोआपच थांबतं आणि पाय बधिर होतो. घरच्यांना वाटतं उतार पडला. दुसरीकडे, जुन्या मधुमेह्यांचे पाय आधीच बधिर असतात, त्यांना दुखत नाहीच. म्हणून नुसतं ‘दुखतंय का’ विचारून भागत नाही. नाडी मोजा, बीपी घ्या, शुगर बघा, शेवटची लघवी कधी झाली ते विचारा, बोलणं जागेवर आहे का ते बघा. ताप नसला म्हणून सुटका मानू नका, थकलेल्या शरीराला कधी कधी तापही येत नाही.

डेक्सामेथासोनबद्दल मला जरा कडक लिहायचं आहे. ताप आणि अंगदुखीच्या पेशंटला ‘लगेच बरं वाटावं’ म्हणून ते सर्रास टोचलं जातं. त्याने बरं वाटतं, हे खरं. मधुमेह्याची शुगर त्याच रात्री चारशेच्या पुढे जाऊ शकते आणि जंतूशी लढणारी ताकद कमी होते, हेही तितकंच खरं. पायाला सूज असलेल्या, शुगर असलेल्या माणसाला हे इंजेक्शन देणं थांबवा. बरं वाटावं म्हणून आलेल्या पेशंटला बरं न वाटता परत पाठवणं किती अवघड असतं, ते मी जाणते. पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जाईल, हे भयही खोटं नाही. तरीसुद्धा.

अँटिबायोटिक निवडणं तुमचं काम. मी फक्त काय पाहिलं ते सांगते. पिशवीतून निघणाऱ्या पाकिटांमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन असायचं, अझिथ्रोमायसिन असायचं, आणि घरच्यांच्या वर्णनावरून अमिकासिनची इंजेक्शनं दिलेली असावीत. सिप्रोफ्लॉक्सासिन या जंतूवर कच्चं पडतं, अझिथ्रोमायसिनला तो ठिकठिकाणी दाद देत नाही, आणि एकट्या अमिकासिनचं त्याच्यावर विशेष चालत नाही. ज्या औषधाला ए गटाचा स्ट्रेप्टोकोकस इतक्या वर्षांनंतरही दाद देतो, ते पेनिसिलिन आणि त्याची भावंडं त्या पिशवीत क्वचित सापडायची. पेनिसिलिनचा कारखाना आपल्या पिंपरीत १९५४मध्ये उभा राहिला. ते स्वस्त आहे, जुनं आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याच्यावरचा विश्वास उडाला आहे. अॅलर्जीची धास्ती रास्त आहे. विचारून, आधी कधी त्रास झाला होता का याची खात्री करून, आणि अॅड्रिनलिन हाताशी ठेवूनच द्यायला हवं. मात्र जुनी, वास मारणारी, हाडापर्यंत गेलेली जखम ही वेगळी गोष्ट आहे, तिथे अनेक जंतू एकत्र नांदतात आणि एकट्या पेनिसिलिनने भागत नाही. मी बोलते आहे ती कालपर्यंत धड असलेल्या आणि आज अचानक पेटलेल्या पायाबद्दल.

आणि ते ‘तीन दिवसांनी दाखवा’. १९५२मध्ये हॅरी ईगल यांनी उंदरांवर केलेला प्रयोग तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. स्नायूत स्ट्रेप्टोकोकस टोचलेल्या उंदरांना लगेच पेनिसिलिन दिलं तर ते वाचत. काही तास उशिरा दिलं तर तेच औषध कमी पडे. जंतू भरमसाट वाढले की त्यांची वाढ मंदावते, आणि पेनिसिलिन मारतं ते वाढणाऱ्या जंतूंनाच. म्हणून आमच्याकडे सोबत क्लिंडामायसिन चालू करत, जे जंतूंचं विष बनवणंच थांबवतं. त्या विषाने अंगातली सगळी संरक्षक यंत्रणा एकदम पेटते आणि बीपी कोसळतं. अमेरिकेच्या सीडीसीच्या माहितीप्रमाणे उपचार करूनही नेक्रोटायझिंग फॅसायटिसमध्ये पाचातला एक आणि टॉक्सिक शॉकमध्ये दहातले तीन दगावू शकतात. हे सगळं सुसज्ज रुग्णालयांत. आमच्याकडे चौथ्या दिवशी आलेल्या माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच बांधा. हा आजार तासांच्या हिशोबाने चालतो. म्हणून अशा पेशंटला दुसऱ्याच दिवशी बोलवा. तो येणं शक्य नसेल तर फोन नंबर लिहून घ्या आणि विचारा.

बॉलपेन तुमच्या खिशात असतंच. सुजेच्या कडेने पायावर रेघ ओढा आणि रेघेशेजारी तारीख-वेळ लिहा. घरच्यांना सांगा, रेघेच्या पुढे सरकलं, फोड आला, रंग काळपट झाला, लघवी कमी झाली किंवा माणूस गुंगीत गेला, तर माझी वाट पाहू नका, १०८ला फोन करा. औषध सुरू केल्यावर पहिल्या दिवशी लाली रेघेबाहेर थोडी जाऊ शकते. तेव्हा नाडी, बीपी आणि दुखणं यांवरून फरक कळतो. आमच्या वॉर्डात आलेल्या पायांवर अशी रेघ फार थोड्या वेळा दिसली. जिथे दिसली तिथे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला एका नजरेत कळलं की सकाळपासून आजार चार बोटं वर चढला आहे, आणि ऑपरेशनचा निर्णय त्याच तासात झाला. असे पाय पुष्कळदा वाचले. मेलेलं मांस वेळेत कापून काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहिलं, पुढे कातडी लावली, आणि माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला.

पाठवताना चिठ्ठी द्या. हे मागायला मला संकोच वाटतो, कारण तुमच्या चिठ्ठ्यांचं आमच्याकडे काय होतं, ते मला माहीत आहे. एखादा तरुण निवासी डॉक्टर ती वाचून हसतो, पेशंटच्या समोर ‘कुणी दिलं हे?’ म्हणतो. हे वागणं चुकीचं आहे आणि ते मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं. सर्जरीने ऑर्थोपेडिककडे, ऑर्थोपेडिकने मेडिसिनकडे असं टोलवत बसणं हेही आमच्याच घरचं पाप. त्या तक्रारी मी दुसऱ्या पत्रात लिहीन. तुम्ही मात्र चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: पाय पहिल्यांदा कधी दुखायला लागला, तुम्ही कोणतं इंजेक्शन कधी दिलं, तेव्हाची शुगर आणि बीपी, आणि आधीचा आजार. पाटीवर कोणती पदवी आहे याच्याशी मला काही देणंघेणं नाही. रात्री नऊ वाजता वाडीवर तुम्हीच असता, दुसरं कोणी नसतं. म्हणूनच हे पत्र तुम्हाला आहे, मोठ्या रुग्णालयाच्या डीनना नाही.

आता चिखल्यांकडे येते. ड्रेसिंग करताना मला सगळ्यात जास्त चीड यायची ती इथे. पाय कापायची वेळ आली त्या माणसाचा दुसरा पाय बघावा, तर त्याच्याही बोटांत तशाच पांढऱ्या, भिजलेल्या, फाटलेल्या चिखल्या. दार तिथेच उघडं असतं. बुरशीवरचं एक साधं मलम, रात्री पाय धुऊन बेचके कोरडे करणं, शेतात शक्य तेव्हा गमबूट, इतकंच लागतं. शुगरच्या पेशंटला गोळ्यांची चिठ्ठी देताना दर भेटीत चिखल्या, भेगा, नखुरडं, कुरूप बघितलं आणि ते ब्लेडने कोरू नका म्हणून बजावलं, तर आमचा निम्मा वॉर्ड रिकामा राहील असं माझं मत आहे. हत्तीपायाच्या रुग्णाला रोज साबण-पाण्याने पाय धुणं, घडीघडीतून कोरडा करणं आणि बसताना पाय उंचावर ठेवणं शिकवा. ते करणाऱ्यांचे झटके कमी होताना मी पाहिले आहेत. सकाळी एक घागर पाणी आणि घरातल्या माणसाची दहा मिनिटं लागतात.

ज्यांना पायाचा धावरा पुन्हा पुन्हा होतो, त्यांच्यासाठी आणखी एक. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांना वर्षभर पेनिसिलिनची लहान मात्रा रोज दोनदा दिली. गोळ्या घेणाऱ्यांत २२ टक्क्यांना पुन्हा आजार झाला, न घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. गोळ्या बंद केल्यावर तो फायदा ओसरला, हेही त्यात दिसलं. पाय कायम सुजलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियात २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घट्ट पट्ट्यांचा आणि मोज्यांचा उपचार केला, तिथे पुन्हा आजार होणारे १५ टक्के, आणि नुसती माहिती दिलेल्यांत ४० टक्के. पट्ट्या बांधण्याआधी पायातला रक्तपुरवठा ठीक आहे ना, ते तपासावं लागतं, पावलावरची नाडी लागते का बघावं लागतं. हे दोन्ही उपाय तालुक्याच्या ठिकाणी होण्यासारखे आहेत. एखाद्या पेशंटला वर्षात तिसऱ्यांदा तोच पाय घेऊन आलेला पाहून नवं, आणखी महाग अँटिबायोटिक लिहिण्यापेक्षा याचा विचार करा.

लसीबद्दल थोडक्यात. पायाचा धावरा आणणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसवर लस अजून नाही. पण न्यूमोनिया आणि मेंदूज्वर आणणारा न्यूमोकोकस हाही स्ट्रेप्टोकोकसच, आणि त्याच्यावर आहे. लहान मुलांना ती २०२१पासून देशभर सरकारी लसीकरणात मिळते, आणि तिचा एक प्रकार आपल्या पुण्यातच बनतो. मोठ्या माणसांना मात्र विकत घ्यावी लागते, आणि ती आहे हे सांगणारं कोणी नसतं. मधुमेह, किडनी, दमा, हृदयरोग असलेल्यांना निदान सांगा तरी. ज्यांची पाणथरी अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये काढली आहे, त्यांना, आणि विदर्भातल्या व नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या रुग्णांना तर आवर्जून सांगा. पाणथरी नसलेल्या माणसाचा ताप हा साधा ताप नसतो. सकाळी अंग मोडून आलेला असा माणूस संध्याकाळी गेलेला मी पाहिला आहे. तो आजारी पडण्याआधी कितीदा तरी कुणाच्या ना कुणाच्या दवाखान्यात बसून गेला होता.

शेवटचं. जूनमध्ये भातलावणी सुरू होण्याआधी तुमच्या तालुका संघटनेची किंवा आयएमए शाखेची एखादी बैठक पायांवर ठेवा. औषध कंपनीचा प्रतिनिधी नको, हॉटेल नको, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा हॉल पुरे. तिथल्या सर्जनला बोलवा, मायक्रोबायॉलॉजीतल्या कुणाला बोलवा, त्यांचा फोन नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जाऊ दे. आशाताईंनाही बोलवा, कारण हत्तीपायाचा आणि शुगरचा पेशंट कोणत्या घरात आहे, हे त्यांना तुमच्याही आधी माहीत असतं. पाय कसा धुवायचा, बेचके कसे कोरडे करायचे, पट्टी कशी बांधायची, रेघ कुठून ओढायची, हे दाखवायला माणूस लागेल. बोलावलंत तर मी येईन. एसटीने पोहोचता येईल अशा कुठल्याही तालुक्याला येईन.

आपली नम्र,
सर्जरी वॉर्डातली एक निवृत्त परिचारिका